वर्षाचा फोड

अलेप्पो या सीरियातील शहरात १७४० पासून तेरा वर्षे अलेक्झांडर रसेल हा स्कॉटिश वैद्य इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारीत नोकरीला होता. १७५६ साली त्याने त्या शहरावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हवापाणी, झाडेझुडपे, प्लेग यांच्या जोडीला एका फोडाचीही नोंद आहे. गावात जन्मलेल्यांना तो बहुधा लहानपणीच होई, बाहेरून आलेल्यांनाही सोडत नसे. आधी पुटकुळी, मग खपली आणि खपलीखाली चिघळलेला व्रण. बरे व्हायला वर्ष लागे, म्हणून अरबीत त्याचे नाव ‘हब्बत अस्-सना’, म्हणजे वर्षाचा फोड. फोड जाई, वण जन्मभर राही. यालाच कुठे बगदादचा, अल्जीरियात बिस्क्राचा, तर आपल्याकडे दिल्लीचा फोड म्हणत.

मी वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. जुनी वर्णने वाचताना मला रोगापेक्षा त्यावरच्या घरगुती उपायाने अधिक खिळवून ठेवले. वण गालावर किंवा नाकावर उमटला, तर मुलीच्या लग्नाची चिंता. म्हणून बगदादकडे लोक दुसऱ्याच्या ताज्या फोडातला स्राव लहान मुलाच्या अंगावर, कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, मुद्दाम टोचत. फोड टळणार नाहीच, तर निदान तो कुठे उठावा हे आपण ठरवावे. एकदा बरा झालेला पुन्हा सहसा होत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. देवीच्या लसीआधी आपल्या देशात टीकादार देवी टोचत, त्यामागे हाच हिशेब होता.

शास्त्राला मात्र वेळ लागला. १८८५ मध्ये कोलकात्यात कनिंगहॅमने दिल्लीच्या फोडात सूक्ष्म कण पाहिले. १८९८ मध्ये ताश्कंदला बोरोव्स्की या लष्करी शल्यविशारदाने तो एकपेशीय परजीवी असल्याचे ओळखले. पण त्याने रशियनमध्ये लिहिले, त्यामुळे त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १९०३ मध्ये बॉस्टनच्या राइटने तोच परजीवी एका आर्मेनियन मुलाच्या व्रणात पाहिला आणि जगाने त्याचे वर्णन स्वीकारले. वाळूमाशी तो पसरवते, हे १९२१ मध्ये सर्जां बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९४१ मध्ये जेरुसलेमच्या अ‍ॅडलर आणि बेर यांनी माशीच्या चाव्यानेच माणसाला रोग होतो हे सिद्ध केले. एकदा झालेला फोड पुन्हा का होत नाही, हा प्रश्न तरीही उरलाच.

त्याचे उत्तर विचित्र निघाले. हा लीशमेनिया परजीवी राहतो तो आपल्याच भक्षक पेशींच्या पोटात, म्हणजे ज्यांनी त्याला खायचे त्यांच्यातच. टी पेशींनी इंटरफेरॉन गॅमा हा निरोप धाडला, तरच भक्षक पेशी जागी होऊन आतल्या शत्रूला मारते. १९८० च्या दशकात उंदरांच्या दोन जातींवर हे स्पष्ट दिसले. एक जात हा निरोप धाडून बरी होई, दुसरी भलताच निरोप धाडून मरे. माणसात मात्र इतकी सरळ विभागणी नाही. काहींच्या शरीरात प्रतिसादच उमटत नाही, आणि परजीवींनी भरलेल्या गाठी अंगभर पसरतात. उलट दक्षिण अमेरिकेतील एका प्रकारात परजीवी थोडे, पण प्रतिसाद इतका दांडगा की नाक आणि टाळू झडतात. साध्या फोडाचा व्रणही बराचसा आपल्याच प्रतिकाराने पडलेला असतो. तो वण म्हणजे केवळ शत्रूची खूण नव्हे, आपल्या लढाईचीही.

त्याहून चकित करणारा प्रयोग २००२ चा. बऱ्या झालेल्या उंदरांत थोडे परजीवी शिल्लक राहतात. ज्या उंदरांत ते पुरते नाहीसे झाले, त्यांचे पुन्हा होणाऱ्या संसर्गापासूनचे संरक्षणही गेले. माणसाच्या जुन्या वणातही जिवंत परजीवी आढळले आहेत. म्हणजे ही प्रतिकारशक्ती पाहुण्याला हाकलून मिळत नाही, तो घराच्या कोपऱ्यात राहतो म्हणून टिकत असावी.

घरगुती टोचणी पुढे प्रयोगशाळेत गेली. सोव्हिएत संघ, इस्रायल आणि इराण यांनी ती वापरली. १९८० च्या दशकातील युद्धात इराणने दहा लाखांहून अधिक लोकांना जिवंत परजीवी टोचले. संरक्षण मिळाले, पण काहींचे फोड महिनोन्‌महिने भरेनात. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली, त्यांना तर शिल्लक परजीवी हीच टांगती तलवार. म्हणून बहुतेक देशांनी ही पद्धत सोडली. माणसासाठी सर्वमान्य लस अजून नाही. दरम्यान २०११ नंतरच्या यादवीत सीरियात घरे पडली, ढिगाऱ्यांत माशी वाढली आणि अलेप्पोत हा फोड पुन्हा फोफावला.

कनिंगहॅम, बोरोव्स्की, राइट यांची नावे इतिहासात आहेत. ज्या कुणी आईने पहिल्यांदा आपल्या बाळाला हा फोड मुद्दाम टोचला, तिचे नाव कुठेच नाही. बाळाचा चेहरा वाचावा म्हणून तिने त्याला दुखणे दिले. त्या सौद्यातला धोका आजही कुणाला पुरता काढून टाकता आलेला नाही.