लॉरेन्स सलिव्हन : कंपनीच्या घरांतील एक कारभारी

पेशवेकालीन कागदांतील इंग्रजविषयक मजकूर वाचतांना ‘कंपनी’ हें एकाच धन्याचें नांव आहे अशा समजुतीनें आपले अभ्यासक पुढें जातात. मुंबईकरांनीं तह केला, कलकत्तेकरांनीं तो मोडला. तेव्हां हें सारें आधीं योजलेलें कपट, असा निकाल मग सहज लागतो. आमच्या मतें हा निकाल अपुरा आहे. विलायतेंतील कंपनीचें घरच आंतून दुभंगलेलें होतें. तें कसें, हें लॉरेन्स सलिव्हन या व्यापाऱ्याच्या चरित्रावरून चांगलें कळतें.

सलिव्हनचा जन्म इ. स. १७१३ च्या सुमारास आयर्लंडांत झाला. १७४१ सालीं तो मुंबईस कंपनीच्या नोकरींत रुजू झालेला आढळतो. चिमाजी अप्पांनीं वसई घेतल्यास (मे १७३९) तेव्हां दोनच वर्षें लोटलीं होतीं, आणि मुंबईकर इंग्रज दाराशीं आलेल्या या नव्या शेजाऱ्याकडे धास्तीनें पाहत होते. या वातावरणांत सुमारें एक तप काढून, बेताचीच पुंजी गांठीं बांधून, तो विलायतेस परतला. १७५५ सालीं तो डायरेक्टर झाला व १७५८ सालीं चेअरमन. पुढें १७६२ ते १७६८ टॉन्टनतर्फे व १७६८ ते १७७४ अ‍ॅशबर्टनतर्फे तो पार्लमेंटांतहि बसला.

त्याचें बळ कशांत होतें हें समजण्यास कंपनीची घटना ध्यानांत घेतली पाहिजे. चोवीस डायरेक्टरांची निवड दर वर्षीं एप्रिलांत होई. ज्याच्या नांवें ५०० पौंडांचा भाग असेल त्यास एक मत. अधिक भाग असले तरी मत एकच. तेव्हां श्रीमंत भागीदार आपले भाग ५००-५०० पौंडांनीं फोडून इष्टमित्रांच्या नांवें चढवीत आणि निवडणूक संपली कीं परत घेत. अशा रीतीनें पैशाचीं मतें बनत.

१७६३ सालीं सलिव्हन व क्लाइव्ह यांच्यामध्यें जो प्रसिद्ध सामना झाला तो याच शस्त्रानें. क्लाइव्हनें सुमारें एक लक्ष पौंड या कामीं गुंतविले, तरी जय सलिव्हनच्या पक्षाचा झाला. लगेच नव्या डायरेक्टरांनीं क्लाइव्हची बंगाल्यांतील जहागीर, वार्षिक सुमारें २७,००० पौंडांची, देण्याचें बंद केलें. परंतु १७६४ च्या आरंभीं पाटण्याच्या कत्तलीची वार्ता लंडनास पोंचली. भागीदार घाबरले आणि क्लाइव्हवांचून बंगाल राहत नाहीं अशी हाकाटी झाली. क्लाइव्ह पुन्हा बंगाल्यास निघाला, दहा वर्षांपुरती जहागीरहि त्यास मिळाली, आणि सलिव्हनची सत्ता गेली. १७६९ सालीं तो पुन्हा निवडून आला. पण त्याच वर्षीं हैदरअलीच्या मद्रासेकडील स्वारीच्या वार्तांनीं भागांचा भाव कोसळला व तो कर्जांत बुडाला. ज्या बाजारानें त्यास वर चढविलें त्यानेंच त्यास खालीं ओढलें.

या भाऊबंदकीचा मराठ्यांच्या इतिहासाशीं संबंध काय? संबंध निकटचा आहे. कंपनीच्या या गोंधळास व १७७२ च्या पैशाच्या तंगीस आळा घालण्यासाठीं पार्लमेंटानें १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला. मताची पात्रता ५०० वरून १,००० पौंडांवर नेली, आणि युद्ध व तह यांच्या बाबतींत मुंबईस कलकत्त्याच्या हाताखालीं घातलें. मात्र त्यांत एक पळवाट राहिली : तांतडीचा प्रसंग असेल किंवा विलायतेहून डायरेक्टरांचा थेट हुकूम असेल तर मुंबईकरांस मोकळीक होती. मुंबईकरांनीं ६ मार्च १७७५ रोजीं राघोबादादांशीं सुरतेस तह केला; कलकत्तेकरांनीं तो नाकारून कर्नल अप्टनकरवीं १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरास दुसरा तह केला; आणि त्यानंतर सुरतेच्या तहास अनुकूल अशीं डायरेक्टरांचीं पत्रें येऊन ठेपलीं. त्यांनीं मुंबईकरांना जी हिंमत आली तिची परिणति जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास झाली. नाना फडणिसांना समोर दिसलें तें दुटप्पीपण खरेंच. पण त्याचें मूळ एका कपटी मनांत नसून तीन ठिकाणीं वांटल्या गेलेल्या अधिकारांत होतें.

सलिव्हनला आम्ही साधुपुरुष ठरवूं इच्छीत नाहीं. १७८१ सालीं तो चेअरमन असतांना हेस्टिंग्जनें त्याचा पुत्र स्टीफन यास अफूचा मक्ता दिला आणि पुत्रानें तो विकून पैसा केला. पुढें हेस्टिंग्जवरील आरोपांत हेंहि प्रकरण आलें. तथापि हिशेब, जहाजें व पत्रव्यवहार यांवर त्याच्याइतकी पकड ठेवणारे त्या कचेरींत फार थोडे होते. २१ फेब्रुवारी १७८६ रोजीं तो वारला.

त्याचा पत्रसंग्रह ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. आमची संग्राहकांस एवढीच सूचना कीं, ‘विलायतेहून हुकूम आला’ असें वाक्य एखाद्या वकिलाच्या पत्रांत आढळल्यास केवळ पत्राची मिति लावून थांबूं नये. जहाजास लागणारे सहा-सात महिने मागें मोजावे, त्या वर्षीच्या एप्रिलांत कोणता पक्ष निवडून आला होता तें पाहावें, आणि मग तो हुकूम कोणाचा हें ठरवावें. अशा रीतीनें पाहिल्यास आपल्या रुमालांतील कित्येक मुकीं पत्रें बोलूं लागतील.