जात्यापासून टीव्हीपर्यंत



आमच्या बचत गटाची बैठक पूर्वी रात्री आठला असायची. आता सातला घेतो, कारण आठला मालिका लागते. यात मी कुणाला बोल लावत नाही, मीही पाहते. पण करमणूक आपल्या हातून कशी गेली, ते आज सांगायचं आहे.

पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी गायची. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल सगळं त्यात यायचं. गाणारी तीच आणि रचणारीही तीच. मग गावोगावी पिठाची गिरणी आली. हातांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबत गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांत माझ्या आजीची एकही नाही. ती गेली, आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या अडोर्नो आणि हॉर्कहायमर या विचारवंतांनी १९४४ साली लिहिलं, की सिनेमा, रेडिओ आणि मासिकं हा आता कारखाना झाला आहे. साचा एकच, वरचा रंग तेवढा वेगळा. त्यात प्रेक्षकांचीही प्रतवारी होते. लासलगावच्या बाईला हे समजायला अवघड नाही. आपण खळ्यावर कांदा निवडतो, मोठा वेगळा आणि गोल्टी वेगळी. तसंच गृहिणी, तरुण, खेड्यातले असे आपले ढीग लावतात आणि प्रत्येक ढिगापुढे वेगळी जाहिरात ठेवतात. आपल्याला वाटतं मालिका जवळपास फुकट आहे. लिलावात मात्र आपलाच वेळ लागलेला असतो.

तरी त्यांचं सगळंच मला पटत नाही. मालिका पाहणारी बाई काही बावळट नसते. एका मालिकेतल्या भांडणावरूनच आमच्या गटात 'आपलं घर कुणाच्या नावावर आहे?' ही चर्चा निघाली होती.

जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी १९३२ साली म्हटलं होतं, की रेडिओने नुसतं ऐकवू नये, ऐकणाऱ्यालाही बोलू द्यावं. आज मी इथे बोलते आहे, ते त्याचमुळे.

तेव्हा पुढच्या बैठकीला घरातल्या म्हातारीकडून एक तरी ओवी विचारून या. मोबाइलवर आवाज भरून घ्या, तिचं नाव सांगा. मी उशीर केला, तुम्ही करू नका.