संमतीचा अंगठा

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर लागते. इथल्या सरकारी दवाखान्याची पायरी चढणारा माणूस बहुधा कोरडवाहू शेतीतला, मजुरीतला किंवा दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारा. गुप्तरोगाच्या इलाजासाठी आलेल्या अशा माणसाला 'एचआयव्हीचीही तपासणी करून घे' म्हटले, की तो मुकाट्याने हात पुढे करतो. कागदोपत्री याला स्वीकार म्हणतात. पण हा स्वीकार, की पाटलापुढे झुकत आलेली मानच डॉक्टरापुढे झुकली?

हा प्रश्न उगाच उकरलेला नाही. आपल्याकडे गुप्तरोगांचा सरकारी बंदोबस्त सुरू झाला तोच सक्तीतून. इंग्रज सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या शिपायाला गरमी-परमा होऊ नये म्हणून वेश्येची नोंदणी, ठरावीक मुदतीने तिच्या शरीराची तपासणी आणि रोग निघाला की लॉक हॉस्पिटलात कोंडणे. नोंद बाईची झाली, गिऱ्हाइकाची नाही! बायका नोंदणी चुकवीत राहिल्या. १८८८ साली कायदा रद्द झाला, पण तपासणी म्हणजे पकडणे ही भीती गेली नाही.

ती खोटी तरी कशी म्हणावी? १९८६ साली मद्रासमध्ये हा विषाणू प्रथम सापडला तो देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात, आणि कलंक पुन्हा तिच्याच कपाळी आला. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेले. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने रक्तदान केले होते. म्हापशाच्या बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात तो ६४ दिवस पहाऱ्यात होता. त्याच्या आईने दाद मागितली, तर मुंबई उच्च न्यायालयाने अलग ठेवण्याचा कायदा वैध ठरवला. याच न्यायालयाने १९९७ साली मात्र एका रोजंदारी कामगाराला न्याय दिला. अंगात काम करण्याची ताकद असताना केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही, असे सांगितले. तो कामगार नाव झाकून लढला. नाव झाकण्याची मुभा नसती तर तो कोर्टाची पायरी चढला असता का?

त्याच वर्षी देशात ऐच्छिक समुपदेशन व तपासणीची केंद्रे सुरू होऊ लागली. पण ऐच्छिक हा शब्द पाटीवर लिहून खरा होत नाही. तो खरा केला सांगलीच्या बायकांनी. १९९२ पासून 'संग्राम'च्या कामात धंद्यातल्या बायकाच एकमेकींना माहिती देऊ लागल्या, निरोध वाटू लागल्या. त्यांच्यातल्या कित्येकी देवदासी. ज्यांना शतकभर तपासले गेले, त्याच आता शिकवू लागल्या. प्रस्थापित आरोग्यशास्त्राच्या पोथीत हे पान फार मोठे नाही. असायला हवे होते.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहिती देऊन घेतलेली संमती आणि गुप्तता आता हक्क आहेत. तरी गरोदर बाईच्या बाबतीत 'नको म्हणाली नाही' म्हणजेच 'हो' असे धरले जाते. बाळाला लागण टाळता येते, म्हणून तपासणी हवीच. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आयुष्यात कधी कुणाला 'नको' म्हणायला न मिळालेल्या बाईच्या मौनाचा. रांगेत मागे गावकीतलीच माणसे उभी असताना समुपदेशकाने दार लावून घेतले नाही, तर कायद्याचे पुस्तक तिच्या काय कामाचे?

आणि दार लावले तरी बाहेर मुकादम उभा आहे. त्याच्याकडून उचल घेतलेल्या जोडप्याला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात काढायचे असतात. औषध २००४ पासून सरकारात फुकट मिळते, पण ते रोज घ्यावे लागते, जन्मभर. त्यामुळे दोष निघाला तर त्या बाईचा पहिला प्रश्न मरणाचा असेलच असे नाही. फडावरच्या कोपीत गोळ्या कुठे ठेवायच्या, आणि मुकादमाला कळले तर उचल परत मागेल का, हे ती आधी विचारील. समुपदेशकाकडे याचे उत्तर तयार असेल, तर पुढच्या खेपेला ती शेजारणीलाही घेऊन येईल.