डेन्मार्कांतील वाऱ्याची वीज : एका परंपरेचा शोध

डेन्मार्क देशांत खपणाऱ्या विजेपैकीं आज सुमारें निम्मी वीज वाऱ्यापासून निघते, इ. स. २०१९ सालीं हें प्रमाण शेंकडा ४७ च्या घरांत होतें. या वाढीचा आरंभ इ. स. १९७३ च्या तेलटंचाईपासून झाला, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. हा समज अर्धाच खरा आहे, असें आमचें मत असून त्याचीं कारणें प्रस्तुत टिपणांत थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे. विषय यंत्रांचा असला तरी प्रश्न आमच्याच व्यासंगांतला आहे. निरुपयोगी ठरलेली वस्तु जपल्यानें काय साधतें, हा तो प्रश्न होय.

वाऱ्यापासून वीज काढण्याच्या अग्रपूजेचा मान डेन्मार्कचा नव्हे. इ. स. १८८७ त स्कॉटलंडांत जेम्स ब्लाइथ यांनीं, व त्याच सुमारास अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें चार्ल्स ब्रश यांनीं, आपापल्या घरच्या दिव्यांसाठीं असे प्रयोग केले. परंतु त्यांतून अखंड अशी परंपरा निर्माण झाली नाहीं.

ती निर्माण झाली आस्कोव्ह या खेड्यांत. तेथील लोकविद्यालयांतील शिक्षक पोल ला कूर (१८४६–१९०८) यांनीं सरकारी मदतीनें इ. स. १८९१ त प्रयोगासाठीं एक पवनचक्की उभारली. वारा पडला म्हणजे दिवे कसे लागावे, ही मुख्य अडचण होती. ला कूर यांनीं चक्कीच्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन वायु सांठविला, आणि इ. स. १८९५ पासून विद्यालयांत त्याचे दिवे लाविले. पुढें नळींतून वाऱ्याचा कृत्रिम झोत सोडून त्यांनीं लहान पात्यांवर मोजमापें घेतलीं, आणि पातीं थोडीं व वेगानें फिरणारीं असावीं, असा निर्णय केला. विशेष हें कीं, हे प्रयोग त्यांनीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, व इ. स. १९०४ पासून खेड्यांतील तरुणांस वीजकामाचें शिक्षण दिलें. इ. स. १९१८ च्या सुमारास १२० च्या आसपास ग्रामीण वीजघरांत पवनचक्क्या होत्या. प्रत्येकीची शक्ति २० ते ३५ किलोवॅट असून देशाच्या विजेचा शेंकडा ३ भाग त्या पुरवीत. नंतर मोठ्या वीजघरांच्या स्वस्त विजेपुढें त्यांचा निभाव लागला नाहीं.

तथापि धागा तुटला नाहीं. इ. स. १९०४ त आस्कोव्ह येथें शिकलेल्यांत योहानेस यूल हे एक होते. त्यांनीं उतारवयांत, इ. स. १९५७ त, गेड्सर येथें २०० किलोवॅटची चक्की चालू केली. तिला तीन पातीं असून चक्राचा व्यास २४ मीटर होता. तिचें जनित्र देशाच्या वीजजाळ्यास जोडलेलें होतें, आणि वेग हाताबाहेर गेल्यास पात्यांचीं टोकें वळून तिला आवरीत. सुमारें दहा वर्षें चालून इ. स. १९६७ त ती बंद पडली, कारण तेल स्वस्त होतें. पण ती कोणी मोडून टाकली नाहीं.

हीच गोष्ट निर्णायक ठरली. तेलटंचाई आली तेव्हां डेन्मार्कची नऊ-दशांशाहून अधिक ऊर्जा तेलावर अवलंबून होती. गेड्सरची चक्की दुरुस्त करून डेन्मार्क व अमेरिका यांनीं मिळून तिचीं नवीं मोजमापें घेतलीं. क्रिश्चन रीसेयर या सुतारानें तिच्याच धर्तीवर लहान चक्क्या केल्या. पुढें कारखान्यांनींही तीन पात्यांचा हाच नमुना वाढवीत नेला. याच्या उलट जर्मनींत इ. स. १९८३ त ३ मेगावॅटची दोन पात्यांची प्रचंड चक्की एकदम उभारली गेली. ती थोडेच तास चालली, आणि कांहीं वर्षांतच उतरवावी लागली.

केवळ परंपरेनें सर्व घडलें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. इ. स. १९७९ पासून सरकारनें चक्कीच्या खर्चाचा शेंकडा ३० भाग दिला, इ. स. १९८५ त लोकसभेनें अणुवीज योजनेंतून वगळली. गांवोगांवच्या लोकांनीं भाग घेऊन चक्क्या सामाईक मालकीच्या केल्या. इ. स. १९९१ त विंडेबी येथें समुद्रांत ११ चक्क्या उभ्या राहिल्या. वारा पडला असतां नॉर्वे व स्वीडन येथील जलविद्युत् उपयोगीं पडते. ला कूर यांच्या जुन्या अडचणीचा परिहार असा शेजाऱ्यांच्या साह्यानें झाला. इ. स. १९८६ त महाराष्ट्र, गुजराथ व तामिळनाड यांच्या किनाऱ्यांवर पहिल्या चक्क्या आल्या, त्याही ५५ किलोवॅटच्या डॅनिश घडणीच्याच होत्या.

यावरून निष्कर्ष असा कीं, टंचाईनें गरज उत्पन्न केली. उत्तर मात्र आधींपासून गेड्सर येथें उभें होतें. आमच्याकडे मोडी रुमाल जपणारे हात आहेत. कारखान्यांच्या वह्या, यंत्रांचे नकाशे व मोजमापांचीं टांचणें मात्र रद्दींत जातात. संग्राहकांनीं त्यांसही आपल्या दप्तरांत जागा द्यावी, एवढीच आमची विनंति आहे.