खणाचें घर आणि गालिच्याचें माप

हुपरीचें नांव निघालें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें चांदीचे पैंजण उभे राहतात. हातकणंगले तालुक्यांतील या गांवीं घरोघर चांदीचें काम चालतें, आणि तें बहुतेक जमिनीवर बसून चालतें. ज्या गांवाचा धंदाच बैठकीचा, तेथें पायाखालीं काय अंथरावें हा प्रश्न क्षुल्लक मानतां येणार नाहीं. नव्या घरासाठीं गालिचा घ्यावयास निघालेला तेथील गृहस्थ दुकानदारास खोलीचें माप फुटांत सांगतो. त्याच्या पणजोबास कोणी घराचें माप विचारलें असतें, तर त्यानें घर किती खणांचें एवढेंच सांगितलें असतें. आणि अंथरुणासाठीं खोली मोजावी कशाला, असा उलट प्रश्न केला असता.

त्यांत नवल नाहीं. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील जागा तो खण. सोपा पांच खणी, माजघर तीन खणी, असें घराचें वर्णन होई. जमीन मातीची, ती दर चार-आठ दिवसांनीं शेणानें सारवावी लागे. अशा ओल धरणाऱ्या जमिनीवर कायमचें कांहीं अंथरून ठेवणें म्हणजे वाळवीला अक्षता देऊन बोलावणेंच. म्हणून आपलें अंथरूण नेहमीं गुंडाळून ठेवण्याचें असे. पाहुणे आले, लग्नाच्या याद्या व्हावयाच्या असल्या, कीर्तन ठरलें, कीं माळ्यावरून सतरंजी खालीं येई. काम उरकलें कीं झटकून पुन्हां वर जाई. तिचें माप भिंतींवरून ठरत नसे, बसणाऱ्या माणसांवरून ठरे.

या अंथरुणांचीं नांवेंही ऐकण्यासारखीं आहेत. सतरंजी हा शब्द शतरंजाशीं, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशीं जोडला जातो. गालिचा फारसींतून आलेला. जमखाना म्हणजे जाड सुती विणीचें अंथरूण. धारवाड जिल्ह्यांतील नवलगुंदचे जमखाने प्रसिद्ध आहेत. तेथें हें विणकाम बायकांच्या हातचें. आणि ही कला मुलींस न शिकवितां सुनांस शिकवावी अशी तेथील रीत सांगतात, कारण मुलगी ती विद्या परक्या घरीं घेऊन जाईल! कारागिराच्या घरांत विद्या हीच इस्टेट असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही रीत तितकीशी विचित्र वाटत नाहीं.

माणसांवरून माप घेण्याच्या पद्धतीला एक काळी कडही होती. बिछायत किती लांब, याबरोबरच तिच्या कडेशीं कोणीं थांबावयाचें हेंही ठरलेलें असे. दरबारांत मानकऱ्यांच्या जागा नेमलेल्या. गांवच्या बैठकींत अस्पृश्य मानलेल्या माणसानें सतरंजीपासून दूर, बहुधा सोप्याच्याही खालीं, अंगणांत उभें राहावें अशी रूढि. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत या रूढीवर घाव पडूं लागले. हातकणंगले तालुक्यांतीलच माणगांवीं १९२० च्या मार्चांत, २१ व २२ या तारखांस, जी परिषद भरली तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, आणि महाराजांनीं स्वतः तेथें येऊन भाषण केलें. बैठकीचा इतिहास सांगतांना ही कड वगळली, तर अंथरूण अर्धेंच उलगडल्यासारखें होईल.

लोकरीचें अंथरूण म्हणजे परमुलुखांतील चैन, ही समजूत निम्मीच खरी आहे. हुपरीच्या शेजारचें पट्टणकोडोली हें विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेचें गांव, धनगरांचें मोठें ठिकाण. मेंढरांची लोकर कातरून तिचें सूत काढावें, मागावर घोंगडें विणावें, चिंचोक्यांची खळ देऊन तें ताठ करावें, असा हा जुना व्यवसाय. लोकर न विणतां थापून व मळून केलेलें जाड जेन निजावयास उपयोगी पडे. त्यांवर रंगीत वेलबुट्टी नसे. पण सह्याद्रीच्या पावसाची ओल सोसण्याचा गुण होता.

गांठी मारून विणलेला लवदार गालिचा मात्र दरबारी. विजापूरच्या असर महालांतील सतराव्या शतकांतले गालिचे पुढें गोल घुमटाच्या संग्रहालयांत आले. इंग्रजी अमदानींत त्यांच्या नकला पुण्याच्या येरवडा तुरुंगांत विणल्या जात. कैद्याची मजुरी जवळजवळ फुकट. तेव्हां स्वतंत्र विणकरानें भावांत टिकावें कसें? सर जॉर्ज बर्डवुड यानें १८८० सालीं हिंदी कलांवरील आपल्या ग्रंथांत तुरुंगी गालिच्यांवर कडक टीका केली, ती उगीच नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आग्र्याच्या कैद्यांनीं विणलेला एक प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यांतील वॉटर्लू दालनांत आहे. त्याचें वजन सुमारें दोन टन. १९९२ सालीं वाड्याला आग लागली, तेव्हां तो गुंडाळून हलवावयास सैनिकांची तुकडी लावावी लागली. दालनाच्या मापानें गालिचा करण्याची हौस ती हीच.

शहाबादी फरशी आली, मागून सिमेंटच्या लाद्या आल्या, आणि सामान्य घराची जमीनही कोरडी झाली. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरण्याची कल्पना तेव्हांच शक्य झाली, आणि माप माणसांकडून खोलीकडे गेलें. १९५६ च्या कायद्यानें मीटर आला खरा, तरी गालिच्याचा सौदा अजून बहुधा चौरस फुटांवरच होतो. गृहस्थाचा हिशेब चुकतो तो येथें. समजा, खोली १४ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे; तिचें क्षेत्र १४० चौरस फूट. पण यंत्रावरच्या गालिच्याच्या गुंडाळीचा पन्हा पुष्कळदां १२ फूट असतो. म्हणजे १४ फूट लांबीचा तुकडा घ्यावा लागतो, आणि पैसे १६८ चौरस फुटांचे पडतात. उरलेली दोन फुटी पट्टी देवघरापुढें किंवा जिन्याखालीं कामीं लावावी हें उत्तम. पन्हा लांबीच्या बाजूस धरला तर दोन फूट कमी पडून सांधा येतो. आणि सांध्याशीं लवेची दिशा जुळली नाहीं तर एकाच रंगाचे दोन रंग दिसतात. भिंती क्वचितच काटकोनांत असतात. यासाठीं दोन्ही टोकांस आणि मध्यें असें तीनदां माप घेऊन त्यांतलें मोठें तें धरावें, आणि दार गालिच्यावरून फिरेल कीं नाहीं हेंही आधींच पाहावें.

हुपरीसारख्या गांवांत आणखी एक अडचण आहे. सोनारकामांत कानशीची चूर जमिनीवर पडते. असा केर विकत घेऊन त्यांतून धातु काढणारे झारेकरी पूर्वींपासून आहेत. केराला किंमत आहे, म्हणून तर त्यांचा धंदा चालला. लादीवरचा केर कुंच्यानें गोळा होतो, पण लवेंत शिरलेला चांदीचा कण सहजासहजीं हातीं लागत नाहीं. तेव्हां गालिचा दिवाणखान्यांतच शोभतो, कामाची जागा उघडी राहिलेली बरी.

शिवाय पाण्याचें भय. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत आलेल्या पुरांनीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हजारों घरांत पाणी शिरलें. जमिनीला चिकटविलेल्या गालिच्याच्या पाठींत गाळ बसला कीं तो फाडूनच काढावा लागतो. सुती सतरंजी दोघांनीं दोन टोकें धरून पिळावी, तारेवर टाकावी. उघडीप मिळाली तर ती दोन उन्हांत वाळते.