श्रीरामपूरची सामाईक चूल : मार्शमन दांपत्याची दिनचर्या

मराठी मुद्रणाच्या व गद्याच्या इतिहासात बंगालमधील श्रीरामपूरचे नाव टाळता येत नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये तेथेच छापला गेला. ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) व ‘हितोपदेश’ (१८१५) ही पुस्तकेही त्याच छापखान्यातून बाहेर पडली. आपले अभ्यासक या ग्रंथांचा विचार करताना कॅरी, त्यांचे साहाय्यक वैजनाथपंडित आणि खिळे पाडणारे पंचानन कर्मकार यांच्यापर्यंत पोचतात व बहुधा तेथेच थांबतात. परंतु या छापखान्याच्या लगत एक चूल होती व एक शाळा होती. आणि या दोहोंचा भार ज्या जोडप्याने वाहिला, त्या जोशुआ व हॅना मार्शमन यांच्या दिवसाचा हिशेब घेतल्याखेरीज श्रीरामपूरचे भाषाकार्य कशाच्या बळावर चालले हे नीट उमगत नाही.

श्रीरामपूर हे कलकत्त्याच्या वरच्या अंगाला, हुगळीच्या पश्चिम तीरावर वसले आहे. त्या काळी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देण्यास कंपनी सरकार नाखूष असल्यामुळे १३ ऑक्टोबर १७९९ रोजी मार्शमन दांपत्य, वॉर्ड आणि त्यांचे सोबती डॅनिश निशाणाच्या आश्रयास येथे उतरले. गाव मुळातच धर्मक्षेत्राच्या वळणाचे होते. लगतच्या माहेश येथील जगन्नाथाची रथयात्रा बंगालभर प्रसिद्ध आहे, आणि राधावल्लभाचे जुने, ओस पडलेले देऊळ नदीकाठी उभे होते. अशा जागी परक्या धर्माच्या लोकांनी बिऱ्हाड थाटले. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी सहकुटुंब येऊन मिळाले, नदीकाठी एक प्रशस्त घर विकत घेतले गेले, आणि सर्व कुटुंबांनी एकाच चुलीवर जेवावे असे ठरले.

या सामाईक संसाराचे नियम मोठे उद्बोधक आहेत. कोणीही खाजगी व्यापार करू नये. जे मिळेल ते एका तिजोरीत पडावे. घराचा कारभार एका महिन्यास एकाने व पुढच्या महिन्यास दुसऱ्याने पाहावा. तिजोरी व औषधांची पेटी कॅरी यांच्याकडे, ग्रंथ फाउंटन यांच्याकडे. शनिवारी सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यातील कुरबुरी मिटवाव्या. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकास या शेवटच्या नियमातील शहाणपण निराळे सांगावयास नको.

दिवस कसा जाई याचे वर्णन वॉर्ड यांनी १८०० मध्ये करून ठेवले आहे. सहाच्या सुमारास सर्व उठत. कॅरी बागेत जात, मार्शमन सातला शाळेत, वॉर्ड व इतर छापखान्यात. आठ वाजता घंटा होऊन सर्व दिवाणखान्यात प्रार्थनेस जमत, मग न्याहारी. नंतर कॅरी भाषांतरास अथवा मुद्रिते तपासावयास बसत, आणि बाकीचे आपापल्या कामास लागत. बाराला थोडे खाणे होई. त्यानंतर बहुतेक मंडळी स्नान, वाचन व वामकुक्षी यांत वेळ घालवीत, आणि तीनला मुख्य जेवण असे. सातच्या सुमारास चहा. रात्रीचे जेवण जवळजवळ नाहीच.

या वेळापत्रकातील एक बारीक नोंद सहज नजरेआड होते. मार्शमन पती-पत्नी दोन वाजून गेल्यानंतरही शाळेतच असत. म्हणजे उन्हाच्या ज्या प्रहरी घरातील इतर माणसे विसावा घेत, तो प्रहर या दोघांच्या वाट्याला आलाच नाही. मे १८०० मध्ये त्यांनी युरोपीय मुलामुलींसाठी वसतिशाळा काढल्या; मुलींची शाळा मार्शमनबाईंची. वसतिशाळा म्हटली की शिकविणे हे अर्धेच काम. मुलांचे जेवणखाण, कपडे, आजारपण, पालकांशी पत्रव्यवहार, नोकरांची देखरेख हे सारे त्यात आले. त्यातच बाईंना स्वतःची मुले होती. त्यांना एकंदर बारा अपत्ये झाली व त्यांपैकी निम्मी लहानपणीच गेली. भोवती मृत्यू तर रोजचाच होता. ग्रँट उतरल्यावर काही आठवड्यांतच वारले. फाउंटन, ब्रन्सडन व टॉमस हे तिघेही १८०१ संपण्यापूर्वी गेले. कॅरी यांच्या पत्नी डोरोथी यांना मनोविकार जडला होता व त्या १८०७ मध्ये मरण पावल्या. तोवर त्यांच्या चार मुलांना वळण लावण्याचे काम मुख्यतः वॉर्ड व मार्शमनबाई यांनी केले. कॅरी यांच्या चरित्रकारांनी हा भाग एकदोन वाक्यांत उरकला आहे. प्रस्तुत लेखकास तो तितका किरकोळ वाटत नाही.

जेवणाचे टेबल ही या घरातील सर्वांत इतिहासप्रसिद्ध जागा म्हणावी लागेल. २२ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल हा सुतार व गोकुळ हे दोघे मिशनऱ्यांच्या पंक्तीस जेवले. बाप्तिस्मा सहा दिवसांनी, २८ तारखेस झाला; परंतु गावाच्या दृष्टीने जात गेली ती जेवणाच्या दिवशीच. सुमारे दोन हजारांचा जमाव जमला व कृष्ण पाल यास ओढीत अधिकाऱ्यापुढे नेण्यात आले. डॅनिश अधिकाऱ्यांनी त्यास संरक्षण दिले. पाण्यातील विधीपेक्षा पानावरचा घास अधिक निर्णायक ठरला, हे आपल्याकडील समाजेतिहासाशी परिचित असलेल्यास नवल वाटण्याजोगे नाही.

आता पैशाकडे वळू. १८०१ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. वेतन दरमहा पाचशे रुपये, पुढे १८०७ पासून हजार. त्यासाठी ते मंगळवारी होडीने कलकत्त्यास जात व शुक्रवारी परतत. हे वेतन आणि मार्शमन यांच्या शाळांचे उत्पन्न, हे सामाईक तिजोरीचे दोन मोठे झरे होते. छापखान्याचा नफा त्यांत मिळे. कुटुंबांना हातखर्चास बेताची रक्कम मिळे, बाकी सारे खिळे, कागद, पंडित व भाषांतरे यांवर खर्ची पडे. इंग्लंडहून येणारी मदत या पसाऱ्यास पुरण्याजोगी नव्हती. तेव्हा मराठी व्याकरणाचा जो कागद आपण आज जपून हाताळतो, त्याच्या किमतीत मुलींच्या वसतिशाळेतील शुल्काचाही अंश असणार, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

घराचा भाषेशी संबंध पैशापुरताच नव्हता. कॅरी यांच्या मराठी व्याकरणास परिचित विषयांवरील संवाद जोडलेले आहेत. त्यापूर्वी १८०१ मध्ये आलेल्या त्यांच्या बंगाली ‘कथोपकथना’त चाकर ठेवणे, साहेबाचे हुकूम, बायकांचे भांडण असे संवाद आहेत. व्याकरणकाराने पोथीतली भाषा सोडून ओसरीवरची भाषा टिपावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. संवाद रचण्याचे श्रेय त्या त्या पंडितांना दिलेच पाहिजे. परंतु अशा बोलण्याची गरज कोणास व कोठे भासते, हे ज्या घरात रोज दिसत होते ते घर या लोकांचे होते. याच अंगणात वाढलेले जॉन क्लार्क मार्शमन पाचव्या वर्षी येथे आले व पुढे १८१८ मध्ये ‘समाचारदर्पण’ या बंगाली वृत्तपत्राचे संपादक झाले. कॅरीपुत्र फेलिक्स यांनी बंगालीबरोबरच ब्रह्मी भाषाही हस्तगत केली. दुसऱ्या पिढीचे हे भाषाप्रभुत्व केवळ धड्यांनी आले असे मानणे कठीण आहे.

जोशुआ मार्शमन स्वतः विणकराचे पुत्र. शालेय शिक्षण जेमतेम. शाळेतून उरलेल्या वेळात ते मकाव येथे जन्मलेल्या लासार या आर्मेनियन गृहस्थाच्या साहाय्याने चिनी शिकले. त्यांचे चिनी व्याकरण १८१४ मध्ये व संपूर्ण चिनी बायबल १८२२ मध्ये निघाले. मधल्या काळात, ११ मार्च १८१२ च्या सायंकाळी, छापखान्यास आग लागून अनेक लिपींचे खिळे, कागदाचे गठ्ठे व कॅरी यांच्या बहुभाषी कोशाचे हस्तलिखित जळाले. सुमारे सत्तर हजार रुपयांचे नुकसान झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यास जाऊन ही वार्ता कॅरी यांना सांगण्याचे काम मार्शमन यांच्याकडेच आले.

सामाईक चूल मात्र पुढच्या पिढीस मानवली नाही. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांना वडीलधाऱ्यांचा कारभार जाचक वाटला; मालमत्ता कोणाच्या नावे आहे यावरून वाद माजला, आणि त्याचा रोख विशेषेकरून मार्शमन यांच्यावर होता. ते १८२६ ते १८२९ इंग्लंडात खुलासे करीत राहिले, तरी १८२७ मध्ये मातृसंस्थेशी फारकत झालीच. ज्याने पंचवीस वर्षे मिळकत सामाईक तिजोरीत ओतली त्याच्यावर धनलोभाचा आरोप व्हावा, हे अन्यायाचे होते असे आमचे मत आहे. मात्र मार्शमन यांचा स्वभाव हट्टी होता व स्पष्ट हिशेब वेळेवर पुढे मांडण्याचे कौशल्य त्यांच्यापाशी नव्हते, हेही खरे.

वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने व कॅरी १८३४ मध्ये वारले. मग त्या मोठ्या घरातील वडील माणसे म्हणून हे दोघेच उरले. जोशुआ ५ डिसेंबर १८३७ रोजी निवर्तले. मार्शमनबाई त्यानंतरही श्रीरामपुरातच राहिल्या. १८४५ मध्ये डेन्मार्कने ते गाव इंग्रजांस विकले व ज्या निशाणाखाली त्या उतरल्या होत्या ते खाली आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८४७ मध्ये, त्यांचे निधन झाले.