खापरीचा चुना

जुने घर पाडले म्हणजे फुटकी कौले, विटा व लाद्या यांचा ढीग गाड्या भरून गावाबाहेर लोटण्यात येतो. अशा ढिगापासून सिमेंट करण्याचे प्रयोग झाले आहेत, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. आम्हांस नवल वाटते ते मनुष्याच्या विसराळूपणाचे. कारण ही विद्या दोन हजार वर्षांहून कमी जुनी नाही.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने वास्तुशास्त्रावर दहा खंडांचा लॅटिन ग्रंथ लिहिला. (सेमिनरीत आम्हांस सिसरो भरपूर पाजण्यात आला; विट्रुव्हियसचे नाव मात्र कोणी काढले नाही.) नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूत कुटून चाळलेल्या खापऱ्यांचा तिसरा हिस्सा मिळविल्यास चुना अधिक चांगला होतो, असे तो दुसऱ्या खंडात सांगतो. ओलसर जागी जमिनीपासून सुमारे तीन फूट उंचीपर्यंत गिलाव्यात वाळूऐवजी खापरीचीच पूड घालावी, असे त्याचे सातव्या खंडातील सांगणे आहे. नुसता चुना हवेतील कार्बन वायू शोषून सावकाश घट्ट होतो. परंतु बेताने भाजलेल्या मातीची पूड त्याच्याशी रासायनिक संयोग पावते, आणि असा चुना ओलाव्यातही दगडासारखा बनतो. कॉन्स्टँटिनोपल येथे ५३२ ते ५३७ या काळात उभारलेल्या हागिया सोफिया या महामंदिराच्या चुन्यात विटेची पूड आहे, व त्याचे थर जवळजवळ विटांइतकेच जाड आहेत. भूकंपांच्या हादऱ्यांनंतर ५५८ साली पहिला घुमट कोसळला, हे खरे. पण तो प्रमाणाबाहेर उथळ होता.

आपल्या देशात या पुडीस सुरखी म्हणतात. १८९५ साली पुरे झालेले मुल्लपेरियार धरण चुना व सुरखी यांच्याच बळावर बांधले गेले. सुरखीसाठी जुने जाणकार किंचित कच्ची भाजलेली वीट पसंत करीत. अति भाजून काळी पडलेली वीट त्या कामी निरुपयोगी ठरते.

१८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटाचे पेटंट घेतले आणि हळूहळू सुरखी मागे पडली. आजचे सिमेंट लवकर घट्ट होते, ही त्याची थोरवी कोण नाकारील? तथापि त्यासाठी भट्टीत सुमारे १४५० अंश उष्णता लागते, आणि एक टन शुद्ध चुनखडी भाजली असता जळणाच्या धुराखेरीज सुमारे ४४० किलो कार्बन वायू सुटतो. मनुष्यकृत कार्बन वायूपैकी शेकडा सात-आठ भाग या एका धंद्याचा आहे. शिवाय जुन्या चुनेगच्ची भिंतीवर सिमेंटाचा गिलावा चढविला म्हणजे ओल आत कोंडते व मूळचे दगड-विटा झिजू लागतात. जुन्या देवळांची अशी डागडुजी होताना पाहून आम्हांस वाईट वाटते.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया व कास्तेयोन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी लंडन व ब्राझील येथील सहकाऱ्यांसह फुटक्या विटा, लाद्या व न्हाणीघरातील चिनी मातीची पात्रे दळून, पोर्टलंड सिमेंट मुळीच न घालता, तीव्र क्षाराच्या योगाने सिमेंट करून पाहिले. कास्तेयोन लाद्यांच्या कारखान्यांकरिता प्रसिद्ध असल्याने तेथे कच्च्या मालाची वाण नाही. अडचण निराळीच आहे. पाडलेल्या घराच्या ढिगात लाकूड, लोखंड व जिप्सम मिसळलेले असते. ते निवडावे लागते. दळण्यास वीज लागते. क्षारही फुकट निर्माण होत नाही, आणि त्याच्या कारखान्यातून पुन्हा धूर निघतोच. म्हणून त्या क्षाराचा काही भाग वाचविण्याकरिता संशोधकांनी जी वस्तू हाती घेतली, ती आमच्या भातशेती करणाऱ्या वाचकांस निराळी सांगावयास नको: भाताच्या तुसाची राख.